बिल्ला नसलेला कान

आमच्या शिरूर कासारात फौजेतून परत आलेल्या कुठल्याही माणसाला मेजर म्हणतात. तिथं तो स्वयंपाकी असो नाहीतर ड्रायव्हर, पेन्शन घेऊन स्टँडवर उतरला की मेजर. माझे गाळामालक तोफखान्यात हवालदार होते. खऱ्या मेजरांनी त्यांना किती वेळा झापलं असेल देव जाणे, पण गावात ते मेजर होते आणि मीही त्यांना मेजरच म्हणायचो. मनात आणखी बरंच काही म्हणायचो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आता ते नाहीत, तरी लिहिण्यासारखं नाही.

माझं मेडिकल त्यांच्या गाळ्यात. भाडं वेळेवर देऊनही मला तो गाळा कधी पूर्ण मिळाला नाही, कारण पायरीवर मेजरांची लोखंडी खुर्ची असायची आणि खुर्चीत मेजर. गिऱ्हाईक त्यांना वळसा घालून आत यायचं. खुर्ची अशी मांडलेली, की उजवा कान रस्त्याकडं आणि डावा माझ्याकडं. डावा कान तोफेनं नेला होता. पावसात पत्रा गळतो, मेजर, तेवढं बघा, असं मी बोललो की ते डाव्या कानाकडं जायचं आणि तिथंच मुक्काम करायचं. रस्त्याच्या पलीकडं कुणी हळूच त्यांचं नाव काढलं तर मात्र लगेच कळायचं.

आता मेडिकलवाल्याला गाळामालक छळतो यात नवल नाही. पण हे माझं गिऱ्हाईक पळवायचे, आणि तेही फौजी गिऱ्हाईक, जे घासाघीस करत नाही. आमच्या भागातून फौजेत पोरं भरपूर. सुट्टीवर आलं की एखादं पोरगं दबकत दुकानात यायचं, कंबर नाहीतर गुडघा धरून.

"काय घेतो बे?" मेजर पायरीवरून.

"काय न्हाई मेजर. पाठ धरलीय, दोन गोळ्या घेतो."

"सुटून आलास का सर्व्हिसला हायस?"

"हाय की अजून."

"दाखवलंस का?"

"कुणाला?"

"तुझ्या सासऱ्याला. युनिटच्या डाक्टरला बे, आणखी कुणाला?"

पोरगं नाही म्हणून मान हलवायचं. मग मेजर माझ्याकडं न बघता हात वर करायचे. "ए मेडिकल, ह्याला गोळी देऊ नको." मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "बिनचिठ्ठीची गोळी म्हंजे पुरावा गिळणं हाय. दुखणं वर्दीत असताना दाखव. वर्दी उतरली की दुखणं तुझ्या बापाचं."

"मेजर, माणसाचं दुखतंय हो," मी म्हणायचो.

"दुखू दे. दुखलं तर दाखवील."

पोरगं रिकाम्या हातानं जायचं आणि पुढच्या चौकातल्या मेडिकलमधून गोळ्या घ्यायचं. म्हणजे पोराचा फायदा नाही, मेजरांचा नाही, फायदा फक्त चौकातल्या मेडिकलवाल्याचा. हे मी त्यांना अनेकदा समजावलं. अर्थात डाव्या कानाला.

"दाखवलंस का" हा त्यांचा रामराम होता. तेराव्याच्या पंगतीत बसून ते शेजारच्याला विचारायचे. एकदा तर एका जवानाच्या साखरपुड्यात, नवरी मुलीकडची मंडळी समोर बसलेली असताना, मेजर मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, "गुडघ्याचं दाखवलंस का रे?" कान गेलेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते तुम्हाला माहीत असेल. मुलीच्या मामानं हातातला घास पानात ठेवला. मुलाचा गुडघा हा विषय मग सोयरिकीच्या बैठकीत आला आणि ते लग्न पार दिवाळीपर्यंत लांबलं. मुलाची आई माझ्या दुकानापाशी येऊन मेजरांना जे बोलली ते ऐकायला अर्धी गल्ली जमली होती. मेजर शांतपणे खुर्चीत फिरले आणि त्यांनी तिच्यापुढं डावा कान धरला. बाई दमून गेल्यावर मला म्हणाले, "पण गुडघ्याचं दाखवलं का न्हाई त्यानं, ते काय तिनं सांगितलं न्हाई."

लोकांना वाटायचं मेजर सरकी खाल्लेल्या बैलासारखा माणूस आहे, उगाच शिंगं मारतो. मलाही तसंच वाटायचं. एका उन्हाळ्यात त्यांच्या भावाची शेळी मेली तेव्हा मला खरं प्रकरण कळलं.

मेजरांचं घराणं मेंढरं-शेरडं राखणाऱ्यांचं. भावानं शेळ्यांचा विमा काढला होता. विमा काढला की शेळीच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला मारतात, आणि शेळी मेली की पंचनाम्याला तो बिल्ल्याचा कान दाखवावा लागतो. नुसती मेलेली शेळी चालत नाही. भावाला पैसे मिळाले त्या दिवशी मेजर खुर्चीत येऊन बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला इतकं अनोळखी वाटलं, की मी चहा मागवला.

"शेळीच्या कानाला बिल्ला होता," ते म्हणाले. "माझ्या कानाला न्हवता."

मग त्यांनी सांगितलं. फायरिंगच्या सरावात एका दिवशी कान वाजायला लागला तो थांबलाच नाही. यांनी काय केलं, तर कापूस कोंबला आणि गप्प बसले. कारण डॉक्टरला दाखवलं तर तब्येतीचा दर्जा खाली येतो, दर्जा खाली आला की बढतीच्या कोर्सच्या यादीतून नाव उडतं. शिवाय दाखवायला जाणारा म्हणजे कामचुकार, असं सगळ्या तुकडीचं मत, आणि त्यात यांचं मत सगळ्यात मोठ्या आवाजात. फौज सोडताना डॉक्टरांचं बोर्ड बसतं, सगळं शरीर तपासून कशामुळं काय झालं ते लिहितं. त्या बोर्डानं विचारलं, कान? मेजर ताठ उभे राहून म्हणाले, "ठीक है साब."

"आन् लिहिलं त्यांनी. ठीक. काय चूक त्यांची?"

पुढं घरी आल्यावर कान पुरता गेला तेव्हा यांनी अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. नोकरीत असताना कानाची एकही नोंद नाही म्हणून तो फेटाळला. अपिलाला मुदत होती. यांना राग आला होता, आणि फौजेशी भांडायचं म्हणजे आईशी भांडल्यासारखं वाटत होतं, म्हणून मुदत खुर्चीत बसून घालवली. मुदत गेल्यावर बीडला जाऊन कान तपासला आणि तो कागद जोडून अपील धाडलं. उत्तर आलं, की मुदत संपलीय, आणि ही तपासणी तर फौज सोडल्यावर कैक वर्षांनी केलेली, बहिरेपणा नंतरचाही असू शकतो.

"म्हंजे तोफा माझ्या कानाशी मुक्या उडत होत्या," मेजर म्हणाले, "आन् कान गेला तो गावातल्या डीजेनं."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग त्यांनी माझा चहा थंड झाला म्हणून तोही पिऊन टाकला.

एवढं सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे हा माणूस लोकांना पेन्शन लाटायला शिकवत होता. तसं अजिबात नव्हतं. माजलगावकडचा एक जण एकदा कुणाकडून नाव ऐकून आला. नोकरी सोडून बरीच वर्षं झालेली, उसाचा चांगला बागायतदार, आणि लंगडत आला. मेजरांनी त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, चला, स्टँडपर्यंत सोडतो. गड्याची बस सुटायला आली होती. बस हलली तसा गडी पळाला, आणि चांगला पळाला. मेजर परत आले ते चप्पल हातात घेऊनच. खोटं लंगडणारा आणि खरं लपवणारा, दोघं एकाच आईचे, असं ते म्हणायचे, पण मार त्यांच्याकडून पहिल्यालाच मिळायचा.

माझे दाजी मात्र दुसऱ्या जातीचे. माझी मोठी बहीण, अक्का, पालीला दिलेली. दाजी फौजेत हवालदार. लेहच्या वरच्या अंगाला बर्फात सामान वाहताना ते घसरून पाठीवर पडले होते. बरोबरच्यांनी उचललं, युनिटच्या दवाखान्यात एक रात्र ठेवलं, आणि सकाळी दाजी स्वतःहून उठून ड्यूटीवर. त्याला दोन वर्षं झाली होती. नायब सुभेदार व्हायची आशा होती, म्हणून पाठीचा शब्द परत काढला नाही. सुट्टीवर आले की माझ्याकडून गोळ्यांची पाकिटं न्यायचे, तीही मागच्या दारानं, कारण पुढं मेजर.

बढती हुकली. सुटायला काही महिने राहिले तेव्हा दाजी शेवटच्या सुट्टीवर आले, आणि मागच्या दारातून वाकून आत येताना चौकटीला धरून तिथंच बसले. उठता येईना. मी एका बाजूनं, अक्का दुसऱ्या बाजूनं. अक्काच्या तोंडून कळ बाहेर पडली ती दाजींची होती की तिची, मला सांगता येणार नाही. मेजर खुर्ची सोडून आत आले.

"दाखवलं का?" त्यांनी दाजींना विचारलं.

"आता बोर्ड बसंलच की," दाजी म्हणाले. "त्या दिवशी सकाळी दोन गोळ्या जास्तीच्या घेतो, म्हंजे साहेबापुढं नीट उभं ऱ्हाता यील."

मेजरांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. ज्या दिवशी दुखणं दिसायला पाहिजे, त्याच दिवशी हा माणूस गोळी खाऊन ताठ उभा राहणार होता. आणि यात दाजींना काही वावगं वाटत नव्हतं. साहेबापुढं वाकडं उभं राहायचं हेच त्यांना कळत नव्हतं.

त्या दुपारी माझ्या दुकानात तालीम झाली. मेजर झाले बोर्डाचे डॉक्टर. माझा पांढरा कोट घातला, पोटावर बटण लागेना.

"जवान, नीचे झुको."

दाजी वाकले. दात आवळून, पार बोटं फरशीला टेकवली. कपाळावर घाम.

"कैसा है?"

"ठीक है साब."

"अरे वाकू नको बे," मेजर ओरडले. "दुखतंय तिथं थांब."

"तुमी तर म्हणालात वाक."

"मी म्हणालो म्हणून वाकशील?"

"ऑर्डर हाय ना."

असं पाच-सहा वेळा झालं. ऑर्डर आली की दाजी वाकायचे. मेजर आधी ओरडले, मग त्यांनी हात जोडले. "खोटं काय करू नको. जास्तीचं इवळू नको. जिथं दुखतं तिथं थांबायचं आन् म्हणायचं, साब, दुखतंय. दोनच शब्द हायत." दाजींच्या तोंडून ते दोन शब्द काही निघाले नाहीत. अक्का कोपऱ्यात उभी राहून बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनंही ते कधी ऐकले नव्हते.

पण एक गोष्ट झाली. मेजरांनी मला दाजींच्या पिशवीतून पाकिटं काढायला लावली, आणि दाजी युनिटला परत गेल्यावर गोळ्यांवाचून आठवडाभरही काढू शकले नाहीत. कण्हत का होईना, वर्दीत असताना, डॉक्टरला दाखवलं. फोटो निघाला, मणक्यातली गादी सरकलेली निघाली. बोर्डानं दुखणं मान्य केलं. पेन्शन मात्र नाकारली. पाठीचं दुखणं कुणालाही होतं, ते सेवेमुळं झालंय असं दिसत नाही, असं उत्तर पालीला आलं.

दाजी पालीच्या धरणाच्या भिंतीवर जाऊन बसले. म्हणाले, जाऊ द्या, मिळतंय त्यात भागवू. अक्का उत्तर घेऊन थेट माझ्या दुकानात आली आणि मेजरांच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"मेजर, ह्यांना खाटंवरून उठायला माझा खांदा लागतो," ती म्हणाली. "वॉचमनची नोकरी करावी तर दिवसभर उभं ऱ्हाता येत न्हाई. आन् सरकार लिहितंय, नोकरीत ह्यांना काय झालं न्हाई. मग काय मी पाडलं ह्यांना?"

मेजर उठून उभे राहिले. मी त्यांना बाईमाणसासाठी उठताना पहिल्यांदाच पाहिलं.

मला वाटलं आता लगेच अपील धाडतील. आपली मुदत बुडवलेला माणूस, घाई करेल. पण नाही. "आधी पडल्याचं दवाखान्यातलं टिपण मागव," म्हणाले. "मग ते आन् फोटो घेऊन मणक्याच्या डाक्टरकडं जा. ह्या पडण्यामुळं हे झालं का, हे त्यानं लिहिलं पाहिजे. अपील त्याच्या मागनं. बैल गाडीच्या पुढं असतो, मागं न्हाई."

युनिटकडून टिपण यायला उशीर लागला. मुदत जवळ यायला लागली तशी माझी झोप उडाली. "मेजर, तुमच्यासारखं होईल," मी एकदा चिडून बोललो, आणि नेमकं उजव्या कानाकडं बोललो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवसापासून ते रोज पोस्टमनला रस्त्यातच गाठायला लागले. तो बिचारा दुसऱ्या गल्लीनं जायला लागला. पण टिपण आलं, मणक्याच्या डॉक्टरनं बघून लिहून दिलं, आणि मुदतीच्या आत अपील गेलं. पोचपावती आली त्या दिवशी मेजरांनी गल्लीत पेढे वाटले, माझ्या नावावर.

अपील मंजूर झालं, ते आधीच सांगून टाकतो. दाजींची पेन्शन चालू आहे आणि अक्काचा खांदा अजून लागतो. पण मला सांगायचंय ते निकालाचं नाही. अपिलावर दाजींना पुण्याच्या लष्करी दवाखान्यात पुन्हा तपासणीला बोलावलं, त्या दिवसाचं आहे.

मी गाडी काढली. मेजर पुढं, दाजी मागं उशी लावून. मेजरांनी दाढी घोटून केली होती, इस्त्रीचा शर्ट, छातीला पदकांची पट्टी. रस्ताभर दाजींना एकच सांगत होते, दोन शब्द, फक्त दोन शब्द.

दाजी आत गेले. आम्ही बाहेर बाकड्यावर. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "वाकायला सांगितलं," ते म्हणाले. "निम्म्यात थांबलो. म्हणालो, साब, दुखतंय." एवढं बोलून ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि मी ठेवला.

त्यांच्या मागोमाग एक डॉक्टर बाहेर आल्या. वर्दीतली पोरगी, माझ्या पुतणीच्या वयाची. दाजींचा एक कागद आत राहिला होता, तो द्यायला आल्या होत्या. दार मेजरांच्या डाव्या अंगाला, डॉक्टरांनी दोनदा हाक मारली तरी यांना पत्ता नाही. शेवटी त्यांनी खांद्याला हात लावला, तसे मेजर स्प्रिंगसारखे उठले आणि टाचा जुळल्या.

"बाबा, आप भी फौजी?"

"जी मॅडम साब. हवालदार, तोपखाना."

त्यांनी मान तिरकी करून मेजरांच्या डाव्या कानाकडं पाहिलं. "इस कान से सुनाई नहीं देता? सर्विस में हुआ था क्या?" मग मऊ आवाजात म्हणाल्या, की कानाचे डॉक्टर आज बसलेत, समोरच्याच खोलीत. दाखवून घ्या, काय आहे ते लिहून घ्या. उशीर झाला असला तरी उशिराचं कारण सांगून पुन्हा मागता येतं, काहींचं झालंय.

मी बघत होतो. दाजीही भिंतीकडून वळले होते. इतकी वर्षं अख्ख्या तालुक्याला जे विचारलं, ते आज त्यांना कुणीतरी विचारत होतं. मेजरांचा ओठ हलला. छाती आणखी पुढं आली. हात पँटच्या शिवणीला टेकले.

"नहीं मॅडम साब," ते म्हणाले. "एकदम ठीक है."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. दार लागल्यावरच मेजरांच्या टाचा सैल पडल्या. समोरची खोली उघडी होती. आम्ही तिच्यासमोरून चालत बाहेर आलो.

नगर मागं पडलं. मेजर माझ्या शेजारी, म्हणजे चालवताना त्यांचा उजवा कान माझ्याकडं. डावा खिडकीला. पळायला जागा नव्हती.

"मेजर," मी म्हणालो, "असं का म्हणालात?"

त्यांनी बाहेर पाहिलं.

"ती वर्दीत होती रे," ते म्हणाले.

पाथर्डीला चहा घेतला तेव्हा दाजींनी त्यांच्या कपात स्वतःच्या हातानं साखर ढवळून दिली. मेजर नेहमीप्रमाणे माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवत शिरूरला उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची पायरीवर होती. सुट्टीवर आलेलं एक पोरगं गुडघा चोळत आलं आणि त्यानं माझ्याकडं गोळ्या मागितल्या.

"दाखवलंस का?" मेजरांनी विचारलं. आवाज रोजच्यापेक्षा लहान होता. विचारून झाल्यावर त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं, मी काही बोलतो का म्हणून. माझ्या हातात गोळ्यांचा डबा होता.

"न्हाई, मेजर," पोरगं म्हणालं.

"मग ह्याला गोळी देऊ नको, मेडिकल."

मी गोळ्यांचा डबा परत फळीवर ठेवला.